ऑनलाइन दुकानाची पुरवणी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कविता करणाऱ्या माणसाला दुकानदारीतलं काय कळतं, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. माझं शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. हिशेबाच्या वहीशी माझा संबंध किराणा दुकानातल्या उधारीपुरता. पण गेल्या उन्हाळ्यात अमरावतीहून भाचीचा फोन आला, "मामू, बिलावर मराठी नीट उमटत नाही. तुम्ही येऊन पाहता का?" मराठीचं नाव निघालं म्हणून अकोल्याहून निघालो, बडनेऱ्याला उतरलो, तिथून ऑटोने तिच्या घरी. गेलो होतो बिलातली वेलांटी पाहायला आणि अडकलो अख्ख्या दुकानात.

भाची आणि तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, मोहल्ल्यातल्या सात बायांना सोबत घेऊन कुरडया, शेवया, सरगुंडे आणि धापोडे करतात. बहिणीला मी आपा म्हणतो, आता तो सगळा मोहल्लाच तिला आपा म्हणतो. गहू तीन दिवस भिजवायचा, त्याचा चीक काढायचा, शिजवायचा, आणि गरम असतानाच सोऱ्यातून गच्चीवर कुरडया घालायच्या. आमच्या वऱ्हाडातलं ऊन तुम्हाला माहीत आहेच. त्या उन्हाचा कुणाला काही उपयोग असेल तर तो या बायांनाच. दोन-अडीच महिन्यांत वर्षाचा माल तयार होतो. आधी ओळखीपाळखीत विक्री होती. मग पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली आपली मंडळी फोनवर मागणी करू लागली, आणि शेवटी भाचीने इंटरनेटवर दुकान काढलं.

आता हे ऑनलाइन दुकान म्हणजे काय, ते थोडं सांगायला हवं. स्वतःचं सॉफ्टवेअर कुणी लिहीत बसत नाही. तयार सांगाडा मिळतो, त्यावर आपला माल मांडायचा. असे दोन सांगाडे जगभर फार चालतात. कॅनडातल्या ओटावा शहरात काही तरुणांनी २००४ साली बर्फावरून घसरण्याच्या फळ्या विकायला इंटरनेटवर दुकान काढलं. बाजारात मिळणारं दुकानाचं सॉफ्टवेअर त्यांना पसंत पडेना, म्हणून त्यांनी स्वतःचं लिहिलं. पुढे फळ्या बाजूला राहिल्या आणि ते सॉफ्टवेअरच विकायला निघालं. २००६ सालचं ते शॉपिफाय. दुसरं वूकॉमर्स. २०११ साली दक्षिण आफ्रिकेतल्या एका कंपनीने ते वर्डप्रेसला जोडण्यासाठी तयार केलं, आणि २०१५ साली ते अमेरिकेतल्या ऑटोमॅटिक कंपनीकडे गेलं.

सांगाड्यात मूळच्या सोयी असतात : माल मांडणं, किंमत लावणं, शिल्लक मोजणं, पैसे घेणं. त्यापलीकडे काही हवं असलं तर वरून एक छोटं ॲप जोडायचं. शॉपिफायने २००९ साली अशा ॲपचा बाजारच उघडला. वर्डप्रेसवाले त्याला प्लगइन म्हणतात. पुण्याची ब्रेनस्टॉर्म फोर्स ही कंपनी असल्याच वस्तू बनवते आणि जगभर विकते. मी आपला त्याला पुरवणी म्हणतो. परीक्षेत मूळ उत्तरपत्रिका भरली की पुरवणी मागतात ना, तशी. फरक एवढाच, की इथे मूळ वहीची पहिली चार पानं कोरी असतानाच लोक पुरवण्या मागतात.

भाचीने सतरा मागितल्या होत्या.

तिचं दुकान कोणत्या सांगाड्यावर आहे आणि पुरवण्या कुणाकुणाच्या होत्या, ते सांगत नाही. त्याने काही फरकही पडत नाही. दुपारी पंखा लावून आम्ही दोघं बसलो आणि मी वहीत एकेक नाव लिहायला लागलो. एक पुरवणी आलेल्या गिऱ्हाइकापुढे रंगीत चकती फिरवून सूट द्यायची. एक कोपऱ्यात बसून 'मी काय मदत करू' असं इंग्रजीत विचारायची. एक सांगायची की नाशिकच्या कुणीतरी आत्ताच शेवया घेतल्या. दोन पुरवण्या तर एकच काम करत होत्या, आणि त्यांच्यात कुणी आधी करायचं यावरून भांडण होऊन गिऱ्हाइकाला दोन-दोन ईमेल जात होते. प्रत्येकीपुढे मी विचारलं, "ही कशासाठी घेतली?" भाचीचं उत्तर बहुतेक वेळा एकच होतं, "व्हिडिओत सांगितलं होतं."

सतरापैकी आठ पैशाच्या होत्या. कुणाचे महिन्याला पाच डॉलर, कुणाचे नऊ, कुणाचे बारा. डॉलरचा आकडा लहान दिसतो, त्यामुळे मन फसतं. शिवाय पहिले चौदा दिवस फुकट असतात आणि पंधराव्या दिवशी कार्डावरून पैसे कापले गेले की कळतंही नाही. आम्ही बेरीज केली ती महिन्याला साडेपाच हजारांच्या घरात गेली. आपा बाजूला बसून सुपारी कातरत होती. ती एवढंच म्हणाली, "यात धापोडे थापणाऱ्या दोघींची मजुरी निघत होती." त्यानंतर भाचीने स्वतःहून पेन हातात घेतलं.

पुरवणी निवडण्याची खरी सुरुवात ॲपच्या बाजारात होत नाही, ती दुकानाच्या दुखण्यापासून होते. म्हणून पुरवण्यांची यादी बाजूला ठेवून आम्ही दुखण्यांची यादी केली. गेल्या सहा महिन्यांत पैसा नेमका कुठे गळला? भाचीने कुरिअरची बिलं काढली आणि मोठं भोक तिथेच सापडलं.

कुरडई दिसायला केवढी आणि वजनाला केवढी! एक किलो कुरडया न मोडता पाठवायच्या तर खोकं मोठं लागतं. भाचीचं खोकं ४० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि २० उंच होतं. दुकान गिऱ्हाइकाकडून एक किलोचं टपालभाडं घ्यायचं. पण कुरिअरवाले नुसतं वजन पाहत नाहीत, जागाही मोजतात. लांबी, रुंदी, उंचीचा सेंटिमीटरमध्ये गुणाकार करायचा आणि त्याला बहुधा ५,००० ने भागायचं. जे उत्तर येईल ते आकारमानाचं वजन. ते आणि काट्यावरचं वजन यांत जे जास्त, त्याचे पैसे लागतात. आता करा हिशेब : ४० गुणिले ३० गुणिले २० म्हणजे २४,०००, भागिले ५,०००, म्हणजे ४.८. एक किलो कुरडयांवर पाच किलोचं भाडं लागत होतं आणि चार किलोचा फरक आपाच्या गच्चीवरून जात होता.

भाडं काढण्यासाठी तिने जी पुरवणी घेतली होती ती फक्त काट्याचं वजन विचारायची. खोक्याचं माप भरायला तिच्यात जागाच नव्हती. पुस्तकं किंवा डाळ विकणाऱ्याला ती उत्तम चालली असती. अकोल्याच्या तूरडाळीचं एक किलोचं पाकीट घट्ट बसतं, त्यात हवा नसते. तेव्हा चांगली पुरवणी म्हणजे कुणाच्या मालासाठी चांगली, हे विचारल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही. शेवटी आम्ही खोक्याचं माप धरणारी पुरवणी घेतली. पण त्याहून मोठं काम आपाने केलं. तिने बायांना सांगून पुरीएवढ्या लहान कुरडया घालायला लावल्या. त्या थरावर थर बसतात. खोकं ३० बाय २० बाय १५ वर आलं. ९,००० भागिले ५,०००, म्हणजे १.८. हे काम करणारं ॲप मी अजून तरी पाहिलेलं नाही.

टपालाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो. कुरिअर कुठे पोचतं आणि कुठे नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगणारी एक पुरवणी भाचीकडे आहे, आणि ती आम्ही ठेवली. ती पिनकोड विचारते. अमरावतीचा ४४४६०१, अकोल्याचा ४४४००१. हा सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला आणि तो आखणारे टपाल खात्यातले अधिकारी होते श्रीराम भिकाजी वेलणकर. मराठी माणूस, आणि संस्कृतात कविता करणारा! आज देशातलं प्रत्येक ऑनलाइन दुकान आधी त्यांचे सहा आकडे विचारतं आणि मग पुढचं बोलतं. कवींना व्यवहार कळत नाही असं म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून ऐकवतो.

दुसरं दुखणं परत येणाऱ्या मालाचं. आपल्याकडे अजून पुष्कळ लोक माल हातात पडल्यावरच पैसे देतात. मागवणारा रात्री मागवतो, सकाळी विसरतो, आणि कुरिअरवाला दारात आला की नाही म्हणतो. शर्ट असला तर परत येतो आणि पुन्हा विकला जातो. कुरडई परत येते ती चुरा होऊन, शिवाय जाण्या-येण्याचं भाडं वेगळं. यावरही पुरवण्या आहेत. मोबाईलवर ओटीपी पाठवून मागणी पक्की करून घेतात. मात्र एक अडचण सांगून ठेवतो. आपल्या देशात व्यापारी एसएमएस पाठवायचा तर दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा नमुना आधी नोंदवावा लागतो. परदेशी पुरवणीला हे ठाऊक असेलच असं नाही. तुम्ही पैसे भरता आणि संदेश वाटेतच अडतो. भाचीचे अडलेच होते.

त्या वेळी दिवसाला दोन-तीन मागण्या यायच्या. मी म्हटलं, एवढ्यासाठी ॲप कशाला? तेव्हापासून आपा रोज संध्याकाळी स्वतः फोन करते. "बेटा, कुरडया मांगवल्या ना तू? घरी कोन राहील घ्याले?" परत येणारा माल कमी झाला, आणि काहीजण त्याच फोनवर शेवयाही सांगू लागले. उद्या रोजच्या शंभर मागण्या आल्या तर आपाचा घसा बसेल, तेव्हा पुरवणी घ्यावी. तोवर नको.

आता आपाच्या रागाची गोष्ट. एका पुरवणीचं काम असं, की मालाखाली लाल अक्षरांत 'फक्त २ पाकिटं शिल्लक' असं लिहायचं आणि बाजूला उलटं घड्याळ चालवायचं. आपाला मोबाईल वाचून दाखवला, तर ती सुपारी टाकून उठली. "कोठीत पन्नास पाकिटं पडली हायेत अन् दोन म्हंते? हे झूट काहून बोलाचं?" भाची म्हणाली, सगळेच करतात. पण आपाचा राग कायद्याला धरून होता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन विक्रीतल्या अशा १३ फसव्या युक्त्यांची यादी काढून त्यांना मनाई केली. खोटी घाई लावणं हा त्यातला पहिलाच प्रकार. न विचारता टोपलीत वस्तू घालणं, 'नको' म्हणणाऱ्याला लाजवणं, हेही त्यात आहेत. गिऱ्हाइकाच्या वतीने आधीच बरोबरची खूण करून ठेवणं तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांपासूनच मना आहे. पुरवणी विकणारा परदेशात बसलेला असतो. दुकानावर नाव तुमचं असतं, तेव्हा जाबही तुम्हालाच विचारला जाणार. गंमत अशी, की त्याच यादीत फुकटाची मुदत संपल्यावर गुपचूप पैसे कापत राहण्याचाही एक प्रकार आहे. म्हणजे ज्या जाळ्यात भाची सापडली होती, तसंच दुसरं जाळं ती नकळत गिऱ्हाइकांसाठी मांडत होती.

शिल्लक मालाचा खरा आकडा सांगणं मात्र तिच्यासाठी फार गरजेचं आहे, कारण कुरडया पावसाळ्यात पुन्हा होत नाहीत. संपल्या म्हणजे पुढच्या चैत्रापर्यंत संपल्या. पण ही सोय मूळ सांगाड्यातच होती. ती चालू करायची राहून गेली होती, एवढंच.

आणि मी ज्यासाठी गेलो होतो ते बिल? बिलाची पुरवणी इंग्रजीत सुरेख चालत होती. मराठीत तिने 'किंमत'ची ऱ्हस्व वेलांटी उचलून 'म'च्या डोक्यावर ठेवली होती, आणि 'वऱ्हाडी'तला 'ऱ्ह' फोडून त्याचे दोन तुकडे केले होते. पुष्कळांना वाटतं की हा फॉन्टचा दोष. फॉन्ट बदलूनही जात नाही तो. देवनागरीत ज्या क्रमाने आपण अक्षरं टंकतो त्या क्रमाने ती दिसत नाहीत. वेलांटी नंतर टंकली तरी आधी दिसते, जोडाक्षर दोन-तीन खुणांचं मिळून एक होतं. हे जुळवून घेण्याचं काम सॉफ्टवेअरला स्वतंत्रपणे शिकवावं लागतं. ब्राउझरला ते येतं, पण पीडीएफ बनवणाऱ्या काही पुरवण्यांना येत नाही. म्हणून घेण्याआधी एक चाचणी करावी. 'क्षत्रिय', 'किंमत', 'वऱ्हाड', 'श्रीमती' हे चार शब्द घालून बिल छापून पाहावं. चारही नीट आले तरच पुढे बोलावं. आम्ही तीन पुरवण्या तपासल्या, तिसरी पास झाली.

यानंतरचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पुरवणी जोडताना एक पाटी येते : 'हे ॲप पुढील गोष्टी पाहू शकेल.' आपण न वाचता 'होय' दाबतो. भाचीच्या त्या फिरत्या चकतीने ग्राहकांची नावं, पत्ते, फोन आणि आजवरच्या सगळ्या मागण्या पाहण्याची परवानगी घेतली होती. चकती फिरवायला पत्ता कशाला लागतो? घराला रंग द्यायला आलेल्या माणसाला आपण कपाटाची किल्ली देत नाही.

इंग्लंडमध्ये तिकीटमास्टर या तिकिटं विकणाऱ्या मोठ्या कंपनीने आपल्या पैसे भरायच्या पानावर गप्पा मारणारी अशीच एक बाहेरची पुरवणी लावली होती. २०१८ साली त्या पुरवणीत चोरांनी आपल्या चार ओळी घुसवल्या आणि गिऱ्हाइकांच्या कार्डाची माहिती चोरीला गेली. चूक पुरवणीवाल्याची, असं म्हणून भागलं नाही. तिथल्या माहिती आयुक्तांनी नोव्हेंबर २०२० मध्ये तिकीटमास्टरलाच साडेबारा लाख पौंडांचा दंड ठोठावला. आपल्याकडचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदाही याच वाटेने जातो. माहिती गिऱ्हाइकाने तुम्हाला दिली आहे, मग ती तुम्ही कुणाच्याही हाती सोपवा, उत्तरदायी तुम्हीच. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू करण्याचं ठरलं. कार्डाचा पूर्ण नंबर साठवून ठेवायला तर रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांना बंदीच केली आहे. एखादी पुरवणी तो साठवायची सोय देऊ करत असेल तर तिथूनच मागे फिरावं.

आज चांगली असलेली पुरवणी उद्या दुसऱ्याच्या हाती जाते, हेही ध्यानात असू द्यावं. वर्डप्रेसची एक साधी, सुमारे दोन लाख ठिकाणी लागलेली पुरवणी तिच्या मूळ कर्त्याने विकली. नव्या मालकाने तिच्यात गुपचूप मजकूर छापण्याची चोरवाट ठेवली, आणि २०१७ साली ती यादीतून काढून टाकावी लागली. म्हणून शेवटची दुरुस्ती कधी झाली, मालक कोण, प्रश्न विचारला तर उत्तर येतं का, हे पाहावं. पाच ताऱ्यांचे अभिप्राय मी वाचत नाही. एक ताऱ्याचे वाचतो. रागावलेला माणूस नेमकं काय मोडलं ते सांगतो.

वेगाचंही तसंच. प्रत्येक पुरवणी गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर आपलं ओझं उतरवते. घरातल्या वायफायवर ते जाणवत नाही. मी परतीच्या गाडीत मूर्तिजापूर सोडल्यावर माझ्या जुन्या मोबाईलवर दुकान उघडून पाहिलं. चकती आली, घड्याळ आलं, गप्पांची खिडकी आली. कुरडई आली नाही. पुढे सात पुरवण्या काढल्यावर तीच कुरडई पुष्कळ लवकर दिसू लागली. काढतानाही सावध राहावं लागतं. कॅलेंडर काढलं तरी भिंतीत खिळा राहतो, तसा काही पुरवण्यांचा कोड मागे राहून जातो. भाचीच्या दुकानात असे दोन खिळे निघाले. ते एका ओळखीच्या पोराने उपटून दिले. काढण्याआधी आपले अभिप्राय, यादी, हिशेब उतरवून घ्यायला मात्र विसरू नये.

मी कवी संमेलनांना जातो तेव्हा नवे कवी कविता दाखवतात. एका नामाला चार-चार विशेषणं चिकटलेली असतात. मी एकेक विशेषण झाकून वाचायला सांगतो. अर्थ हलला नाही तर ते काढायचं. भाचीला मी तेच करायला लावलं. दर आठवड्याला एक पुरवणी बंद करायची आणि पाहायचं, कुणी विचारतं का. अकरा पुरवण्यांबद्दल कुणीही विचारलं नाही.

सध्या तिच्याकडे सहा आहेत : पैसे घेण्याची, खोक्याच्या मापाची, पिनकोडची, बिलाची, अभिप्रायाची आणि रोजचा सगळा डेटा उतरवून ठेवणारी. आता तिला सातवी हवी आहे, शोधाची. तिचं म्हणणं खोटं नाही. लोक इंग्रजी अक्षरांत 'सरगुंडे' कसंही लिहितात आणि दुकान म्हणतं, असा माल नाही. मी तिला म्हटलं, आधी लोक काय काय लिहितात ते जमव, मग तेवढे शब्द ओळखणारी पुरवणी शोध. हे काम आपाने घेतलं आहे. फोनवर ती प्रत्येकाला विचारते, "बेटा, तू काय लिहून शोधलं होतं?" आणि भाचीकडून ते वहीत लिहून घेते. परवा विचारलं तेव्हा नुसत्या कुरडईची अकरा स्पेलिंगं जमली होती.